कुऱ्हाडीला वेळापत्रक द्या

सरपणाचा विषय निघाला की दोन बाजू पडतात आणि दोन्ही बाजू झाडाकडे न बघता भांडतात. एक म्हणते, गॅस आहे ना, मग एकही झाड तोडायचं नाही. दुसरी म्हणते, गरज आहे ती आहे, तेव्हा भराभर वाढणारी सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा आणि रानाला हात लावू नका. पहिलीच्या हातात कुऱ्हाडबंदीचा ठराव, दुसरीच्या हातात रोपवाटिकेतली काळी पिशवी. देशी झाड ही फक्त जपायची वस्तू, वापरायची नव्हे, यावर मात्र दोघींचं एकमत. माझं म्हणणं असं की सह्याद्रीच्या उतारांवर आणि देशावरच्या माळांवर सरपणाला सगळ्यात योग्य झाडं तिथलीच कठीण लाकडाची झाडं आहेत: धावडा, ऐन, किंजळ, जांभूळ, बोर, बाभूळ. ती टिकवायची असतील तर त्यांची तोड नियमाने व्हायला हवी. ऋतू ठरलेला, खुंटाची उंची ठरलेली आणि एकदा तोडल्यावर किती वर्षं त्या तुकड्याकडे फिरकायचं नाही तेही ठरलेलं.

कुऱ्हाडबंदीची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण तिच्या पदरी खरं यश आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली आणि उघड्याबोडक्या टेकड्या हिरव्या झाल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या डोंगरावर गुडघाभर झुडूपही उरलेलं नाही तिथे १०-१५ वर्षं कुऱ्हाड खुंटीलाच टांगलेली बरी. पण बंदी हे पथ्य आहे, आणि माणूस बरा झाल्यावरही त्याला पेजेवरच ठेवायचं का? बंदीत राखलेल्या रानात वीस वर्षांनी जाऊन बघावं. जुन्या एकेका खुंटातून निघालेले आठ-दहा सोट उजेडासाठी एकमेकांशी झटत उंच गेलेले असतात, बहुतेक मनगटापेक्षा जाड नसतात. सावलीत गवत मेलेलं, मधल्या जागेत करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या, त्यांत अडकलेलं वाळकं काटूक. होळीच्या सुमारास वणवा शिरला की या जाळ्याच शिडीचं काम करतात आणि आग जमिनीवरून फांद्यांपर्यंत चढते. राखलं खरं, पण राखून नक्की काय वाढवलं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथलं जंगल बहुतांशी खाजगी मालकीचं. ज्या डोंगरातून घरात पैसा येत नाही आणि लाकूडही येत नाही, तो डोंगर मालक किती पिढ्या राखेल? मुलीचं लग्न, दवाखाना किंवा भावकीतली वाटणी निघाली की तो ठेकेदाराला उभं जंगल उक्तं विकतो. ठेकेदाराला दर फेरीचा हिशेब कळतो, दर झाडाचा नाही. तो भर पानांत तोडतो, सोयीने गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडतो, आणि पुढे काजू किंवा प्लॉट करायचे असतील तर जेसीबी लावून खुंटही उपटतो. झाड तोडलं तेव्हा रान मेलं नव्हतं, खुंट उपटला तेव्हा मेलं. हा फरक आपल्या वादात कुठेच येत नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या फरकात आहे.

गॅसचा मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. बंद स्वयंपाकघरात चुलीसमोर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होतं हे कुणाला सांगायला नको, आणि डोक्यावरच्या मोळीचं कौतुक करणाऱ्याने ती एकदा उचलून बघावी. रोजचा स्वयंपाक गॅसवर जावा, यात दुमत नसावं. पण उज्ज्वला २०१६ मध्ये आली म्हणून लाकडाची मागणी संपली का? आंघोळीचा बंब, भात उकडायचं भांडं, लग्नाचं जेवण, गुरांचं आंबोण, वीटभट्टी, स्मशान, सगळीकडे लाकूडच जळतं. एका चितेलाच साधारण ३०० ते ४०० किलो लागतं. मागणी नाहीच असं धरून केलेला कायदा मागणी थांबवत नाही, तिला चोरवाटेला लावतो.

त्या चोरवाटेचा नमुना रानात डोळ्यांनी दिसतो. हिरवं तोडायचं नाही, वाळलेलं न्यायला हरकत नाही, हा सगळ्यांना निरुपद्रवी वाटणारा नियम. मग काय होतं? चांगल्या मांडीएवढ्या ऐनाच्या बुंध्याची साल कमरेखाली वीतभर रुंदीची गोल सोललेली दिसते. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं, तो रस्ताच तुटतो. मुळं उपाशी मरतात आणि पुढच्या एखाद्या उन्हाळ्यापर्यंत झाड रीतसर ‘वाळलेलं’ होतं. हेच झाड पानगळीत बुंध्याशी कापलं असतं तर पावसाळ्यात फुटलं असतं. नियमाने झाड वाचवलं नाही, त्याचं मूळ मारायला शिकवलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. शिवाय मेलेलं लाकूड रानाला नको असतं असं कुणी ठरवलं? सुतार पक्षी, भुंगेरे, बुरशी यांचा संसार त्यावर चालतो आणि धनेशाला घरट्यासाठी मोठ्या जुन्या झाडातली ढोली लागते. सगळं वाळकं वेचून नेलेलं रान झाडून घेतलेल्या अंगणासारखं दिसतं, आणि तितकंच ओकंबोकं असतं.

बंदीवाले इतिहासाचा दाखला देतात तो शिवकाळाचा. झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नका, अशा आशयाचा मजकूर दर पर्यावरणदिनी फिरतो. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे आणि त्याचा विषय आरमारासाठी लागणारं लाकूड हा आहे. पण पूर्ण उतारा वाचणारे थोडे. त्यात सागासारखं रानातलं लाकूड परवानगीने तोडायची वाट आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायला मनाई आहे, आणि त्यातही एखादं झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन ते तोडायची मुभा आहे, बळजोरी मात्र नाही. म्हणजे तिथे बंदी नाही, निवड आहे. कुठलं झाड, कुणाचं, किती वयाचं आणि कुणाच्या संमतीने, असे चार प्रश्न अठराव्या शतकाच्या आरंभी विचारले गेले होते. आपण ‘तोडू नका’ एवढे दोन शब्द उचलले.

चिपकोचंही तेच. १९७३ मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या चमोलीतल्या मंडल गावात ठिणगी पडली ती लाकूड नाकारल्यामुळे. स्थानिकांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडं हवी होती, ती मिळाली नाहीत, आणि तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला दिली गेली. झाडाला मिठी मारणाऱ्यांना झाड वापरायचंही होतं. जो वापरतो तो राखतो, हे तिथल्या लोकांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडांची. तिचा हिशेब कच्चा नाही. कुठल्याही झाडाचं पूर्ण सुकं लाकूड किलोमागे साधारण ४५०० ते ५००० किलोकॅलरी उष्णता देतं, मग तो धावडा असो की पांगारा. फरक आहे तो वजनाचा. पांगाऱ्याच्या ढलपीपेक्षा तेवढीच धावड्याची ढलपी जवळजवळ तिप्पट भरते. (इंग्रजीतलं हार्डवुड म्हणजे रुंद पानांचं कुठलंही झाड, तेव्हा त्या हिशेबात पांगाराही हार्डवुडच. मराठीतला ‘कठीण’ हा शब्द जास्त प्रामाणिक आहे.) उष्णता किलोवर ठरत असेल, तर खोल काळ्या, पाण्याच्या जमिनीत वर्षाला सगळ्यात जास्त किलो देणारं झाड निवडावं, आणि तिथे सुबाभूळ धावड्याला सहज हरवते. वेडी बाभूळ तर जळणाला कुठल्याही देशी झाडाच्या तोडीची, जड, भरपूर निखारा देणारी, आणि कितीही तोडा, पुन्हा फुटणारी.

पण डोंगरउताराची जमीन खोल आणि पाण्याची असती तर तिथे सरपण नव्हे, ऊस असता. मुरमात आणि कातळावर सुबाभळीचे ते आकडे मिळत नाहीत. १९८८ मध्ये तिचे कोवळे शेंडे शोषणारी सायलिड ही कीड दक्षिण भारतात आली आणि एकाच जातीवर सगळा डाव लावल्याने काय होतं ते दिसलं. ऑस्ट्रेलियन बाभळीची जाड पानं लवकर कुजत नाहीत, तिच्याखाली पाचोळ्याचा थर साठतो आणि गवत उगवत नाही. वेडी बाभूळ लावायची नसतेच, ती आपणहून येते. तिच्याबद्दल माझा सल्ला सोपा आहे: आधी तीच जाळा. मात्र बुंध्याशी कापून ती मरत नाही, जमिनीखाली वीतभर खणून मानेसकट काढावी लागते. नाहीतर तुम्ही तिची निगाच राखता.

याहून मोठा मुद्दा जमिनीखालचा आहे. तोडलेल्या, चरलेल्या, जळलेल्या डोंगरावरही धावड्या-ऐनाच्या जुन्या मुळांचं जाळं बहुतेक ठिकाणी जिवंत असतं. रोपाला खड्डा लागतो, पहिली दोन वर्षं पाणी लागतं, आणि तरी निम्मी रोपं गेली तर कुणाला नवल वाटत नाही. जुन्या खुंटाला यातलं काही लागत नाही. मुळं आयती असल्याने त्याचा धुमारा पहिल्याच पावसाळ्यात छातीपर्यंत येतो, तेव्हा शेजारचं रोप अजून घोट्याएवढं असतं. हे भांडवल खणून काढून त्या खड्ड्यात नर्सरीचं रोप लावायचं, याला वनीकरण म्हणायचं का?

तोड कशी करायची ते नीट सांगितलं पाहिजे, कारण चुका इथेच होतात. वेळ पानगळ झाल्यानंतरची आणि नवी पालवी फुटायच्या आधीची, म्हणजे साधारण डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. या काळात झाडाचा साठा मुळांत उतरलेला असतो, त्यावरच पुढचा फुटवा अवलंबून. भर पानांत तोडलेल्या झाडाने तो साठा पानांत खर्चून टाकलेला असतो. उंची जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर. उंच ठेवलेल्या खुंटाचे धुमारे वरच्या कडेला फुटतात, त्यांची पकड सालीपुरती असते आणि चार वर्षांचे झाले की पहिल्याच वादळात मोडतात. खाली फुटलेला धुमारा मातीला टेकतो, पुढे स्वतःची मुळंही धरतो. पडणाऱ्या बाजूला आधी कुऱ्हाडीने खाच घ्यावी आणि मग मागून करवत चालवावी. खाच न घेता सोडलेलं झाड पडताना साल खालपर्यंत फाडत नेतं, आणि नव्या फुटव्याचे झोपलेले डोळे त्या सालीखालीच असतात. काप एका बाजूला उतरता आणि गुळगुळीत हवा, म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही. फांद्यांचा ढीग खुंटावर रचू नये. तो तिथेच पेटवणं म्हणजे सगळ्या कामावर बोळा फिरवणं.

पावसात एका खुंटावर वीस-पंचवीस धुमारे येतात. तसेच ठेवले तर वर सांगितलेली सोटांची गर्दी होते. दुसऱ्या हिवाळ्यात त्यातले सगळ्यात खालचे, सरळ आणि एकमेकांपासून लांब असलेले दोन-तीन ठेवून बाकीचे कोयत्याने साफ करावेत. काढलेले वाया जात नाहीत, वेलांच्या मांडवाला आणि कुंपणाला लागतात, पाला शेळ्या खातात. तिथून १० ते १२ वर्षांत पोटरीएवढं लाकूड मिळतं. सरपणाला तेच सगळ्यात सोयीचं, फोडायला कष्ट नाहीत आणि फेकायला साल-भुसा नाही. ३० सेंटीमीटरपेक्षा जाड जुनं झाड मात्र या हिशेबात धरू नये. तो खुंट बऱ्याचदा फुटतच नाही, आणि ते झाड बियांसाठी, ढोलीसाठी उभं राहिलेलंच बरं.

सगळ्या जाती सारख्या फुटत नाहीत. धावडा, जांभूळ, बोर चांगले फुटतात, ऐन आणि किंजळही निराश करत नाहीत. धावड्याचं लाकूड चिवट, कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करतात, आणि कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण त्याला शब्दशः लागू पडते. बाभळीचं गणित वेगळं. जळणाला उत्तम, पण खुंटातून भरवशाने फुटत नाही. ती बियांवर चालवायची. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंडीतून पडलेलं बी लवकर रुजतं, तेव्हा बांधावर दर वर्षी येणाऱ्या रोपांतली चार राखली की झालं. खैर जाळू नये, त्याचा कात जास्त मोलाचा. सावर, सालई, शेमट यांचं लाकूड हलकं, भुर्रकन जळून जातं, विस्तव राहत नाही. आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीत कधीच जाऊ देऊ नये. त्याच्या धुराने अंगावर उठतं, चेहरा सुजतो. सरपण विकत घेणाऱ्याला हे माहीत नसतं, म्हणून मिसळीची मोळी घेताना काळा चीक ओघळलेली फाटी बाजूला काढावी.

एवढं करून लाकूड ओलं जाळलं तर सगळं मुसळ केरात. ताज्या लाकडात वजनाचा निम्मा भाग पाणी असू शकतो. असं किलोभर लाकूड घेतलं तर त्यातल्या अर्धा किलो सुक्या भागातून सुमारे २२५० किलोकॅलरी निघतात आणि अर्धा लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ३०० जातात, म्हणजे सातवा भाग. एवढाच तोटा असता तर कुणी तक्रार केली नसती. खरी हानी अशी की वाफेने ज्योत थंड पडते, लाकडातून निघालेले वायू जळायच्या आधीच निसटतात, आणि आपण ज्याला धूर म्हणतो ते हे न जळलेलं इंधनच. चुलीच्या धुराबद्दल जितकं बोललं जातं त्याच्या दहावा हिस्साही लाकूड किती सुकलंय याबद्दल बोललं जात नाही. फेब्रुवारीत तोडलेलं लाकूड लगेच हातभर लांबीचं कापून, मनगटाहून जाड असेल ते उभं फोडून, खाली दोन आडवी लाकडं टाकून त्यावर रचावं. वरून झाकावं, बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकात गुंडाळलेल्या थप्पीला घाम फुटतो आणि बुरशी चढते. मृगाच्या आत ते पडवीत किंवा माळ्यावर गेलंच पाहिजे. नीट सुकलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात आणि टोकाला बारीक चिरा गेलेल्या दिसतात. ओल्या बदबद वाजतात.

आता या पद्धतीवरचा सगळ्यात जड आक्षेप. खुंटावर राखलेली राने वनखात्याने इंग्रजांच्या काळापासून केलीच होती, रानाचे कूप म्हणजे तोडीचे तुकडे पाडून, ते आळीपाळीने तोडून, आणि त्यातली कितीतरी राने झुडपी झाली. हे खरं आहे. पण का झाली? तोडीच्या नोंदी काटेकोर होत्या, तोडीनंतरच्या राखणीच्या नव्हत्या. कोवळा फुटवा पहिल्याच वर्षी गुरांनी खाल्ला, वणव्याने भाजला, आणि खुंट दर वेळी थोडा थोडा संपत गेला. शिवाय खुंट अमर नसतो. तीन-चार फेऱ्यांनंतर त्याचा जोर ओसरतो, मग बियांचं नवं झाड लागतंच. म्हणून एकरी १५ ते २० चांगली झाडं चुन्याचा पट्टा मारून राखायची आणि त्यांना कुठल्याच फेरीत हात लावायचा नाही. कोकणातल्या गावांना हे वाटून घेणं परकं नाही. एकीकडे काटकीही न उचलायची देवराई आणि दुसरीकडे राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टहाळ देणारा डोंगर, असं एकाच शिवारात शेजारी शेजारी नांदत होतं.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, खैर, आंबा, फणस यांच्याबरोबर ऐन आणि किंजळही आहेत. सुबाभूळ आणि निलगिरी नाहीत. हेतू चांगला, परिणाम असा की स्वतःच्या डोंगरात देशी झाड वाढवणाऱ्याला परवानगीसाठी खेटे, आणि परदेशी लावणाऱ्याला मोकळं रान. शहाणा मालक मग काय वाढू देईल? परवानगी सुट्या झाडाला न देता बारा वर्षांच्या आराखड्याला द्यावी. कुठला कूप कोणत्या वर्षी, राखायची झाडं किती, खुंटाची उंची काय, आणि मागच्या कुपाचा फुटवा जिवंत दिसला तरच पुढच्याची तोड. तपासणीला डोळे आणि टेप पुरतात.

बारा एकरांचा डोंगर धरा. दर वर्षी एक एकर तोडायचा. एकरी वर्षाला पाऊण टन सुकं लाकूड वाढतं असं धरलं तर बारा वर्षं राखलेला एक एकर नऊ टन देतो. रोज तीन किलो बंबाला लागले तर वर्षाला टनाच्या वर, म्हणजे आठ घरांच्या आंघोळीचं पाणी. सगळा स्वयंपाकही चुलीवर असेल तर तीन-चार घरं. वाढ निम्मीच निघाली तर घरंही निम्मी धरावीत, कूप मोठा करू नये.

राहता राहिली शेळी. फुटव्याला तीन पावसाळे शेळीचं तोंड लागता कामा नये, आणि ज्या बाईचं घर पाच शेळ्यांवर चालतं तिला हे सांगायला कुणीच पुढे होत नाही. बंदीत तिच्यासाठी बाराच्या बारा एकर बंद होतात. कूप पाडले तर एका वेळी तीन बंद राहतात आणि नऊ उघडे. दुसऱ्या हिवाळ्यात विरळणी होईल तेव्हा पाल्याचे भारेही तिच्याच दारात पडतात. बंद तीन एकरांना करवंदीच्या काट्यांची वई घालायची, आणि ती घालायचं काम तिलाच रोजाने द्यायचं.